सोमवारी आलेला बुधवार

"वर धरा, अजून वर! आरतीचं तबक धरतो ना, तसं!" उगलेबाई म्हणाल्या.

मी टॅब डोक्याच्याही वर धरला. खिंडीतल्या मारुतीच्या देवळामागे पार आहे. त्या पारावर उभं राहिलं की रेंजच्या दोन काड्या यायच्या, पार उतरलं की गेल्या. पलीकडच्या खोऱ्यात तर रेंज नावालाही नव्हती. म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी आम्ही तिघं, मी, उगलेबाई आणि आमचे गुरांचे डॉक्टर इनामदार, तिथे जमायचो आणि आपापले टॅब आभाळाला दाखवायचो. वाटेने जाणारे गुराखी थबकून हात जोडायचे. त्यांना वाटे, ही काहीतरी नवी पूजा निघाली आहे.

आमची संस्था डांगी गुरांचं वाण राखायचं काम करायची. पांढऱ्या अंगावर काळे ठसे, आणि कितीही पाऊस पडो, अंगावरून निथळून जाणार, अशी ही आमच्या डोंगरातली जनावरं. कोणाची गाय, कोणत्या गाईचा खोंड, लस कधी दिली, गाभण आहे का, सगळी नोंद तिघांच्या टॅबमध्ये होती. खोऱ्यात हिंडताना ज्याने त्याने आपल्या टॅबमध्ये लिहायचं आणि खिंडीत आल्यावर तिन्ही टॅब जुळवून घ्यायचे, म्हणजे तिघांकडे एकच नोंद राहते. ह्याला सिंक म्हणायचं. उगलेबाई शिंक म्हणायच्या. "निघताना शिंक झाली का?" असं त्यांनी विचारलं की मी दचकून पुन्हा पारावर टेकायचे. आमच्या घरी निघताना कोणी शिंकलं तर पाच मिनिटं बसून, घोटभर पाणी पिऊन मग निघतात.

हे सगळं बसवून देणारे पुण्याचे इंजिनिअर एकदाच आले होते. जाताना त्यांनी नियम सांगितला होता, "एकाच जनावराच्या दोन वेगळ्या नोंदी आल्या, तर जिची वेळ नंतरची, ती राहील. आधीची पुसली जाईल."

"म्हणजे घरच्यासारखंच," उगलेबाई म्हणाल्या होत्या. "शेवटचा शब्द ज्याचा, त्याचं खरं."

आणि शेवटचा शब्द उगलेबाईंचा असे. घरी, संस्थेत, एसटीत कंडक्टरशीसुद्धा. आवाज असा, की डोंगरापलीकडे हाक मारली तर अलीकडची गुरंही मान वर करत. माझ्या आवाजाबद्दल आमचे हे म्हणायचे, "तुझं बोलणं ऐकायला रेडिओ बंद करावा लागतो."

त्या गुरुवारी टॅब जुळले. मी घाईने एकच नोंद उघडून पाहिली.

ढगू. खोंड. आई मोरणी. मालकीण हौसाबाई गभाले. आणि खाली, पुन्हा तेच.

"उगलेबाई," मी म्हटलं, "तो ढगू पुन्हा तसाच झालाय."

"कसा?"

"ते... दुसरं बटण."

"अहो, खच्ची म्हणा की सरळ! गुरांच्या कामाला लागून इतकी वर्षं झाली आणि तो शब्द काही तोंडातून निघत नाही बाईच्या."

डॉक्टर खोकले आणि उगीच मारुतीकडे बघू लागले.

टॅबमध्ये प्रत्येक खोंडापुढे दोन बटणं होती. एक राखीव, म्हणजे हा खोंड पुढे वळू म्हणून ठेवायचा. दुसरं ते. मी पहिलं दाबलं होतं, सोमवारीच. दाबलेलं पुन्हा दोनदा बघितलंही होतं.

"तुम्ही बदललंत का?" मी विचारलं.

"मी? शपथ मारुतीची! तुम्ही भाऊबीजेला भावाकडे गेला होतात, तेव्हा तुमच्या खोऱ्यात मी फिरले. तेव्हा केली ती नोंद. त्यानंतर त्याच्यावर बोट ठेवलं असेल तर हे बोट झडो."

"मग माझी नोंद राहत का नाही?"

"नलूताई," उगलेबाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही बटणसुद्धा हळू दाबत असाल."

डॉक्टर हसले. मीही हसले. काय करणार?

"पुन्हा करून ठेवा, वाकचौरेताई," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी शिबिर आहे. टॅबमध्ये राखीव असेल त्याच्या कानात पिवळा बिल्ला, नाहीतर खच्चीचा चिमटा. आणि मला तोंडी कोणी काही सांगायचं नाही. मागे एकदा तोंडी ऐकून मी भलत्याच खोंडाला चिमटा लावला. मालक मला नदीपर्यंत पळवत आला होता."

मी पुन्हा बटण दाबलं. चांगलं जोर लावून.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंच्या पाड्यावर गेले. हौसाबाई माझ्याच वयाची, काटक, कपाळावर गोंदलेली. ढगू दारात बांधलेला. जन्मला तेव्हा काळ्या-पांढऱ्या ढगासारखा दिसला म्हणून ढगू. मला बघून त्याने मान खाली घातली. मी घाबरून मागे सरले.

"मारायचा न्हाई तुमाला," हौसाबाई म्हणाली. "त्यो फकस्त वरडणाऱ्याला मारतो. तुमच्या त्या दुसऱ्या बाय आल्या व्हत्या ना, त्यांनी येऊन ह्याच्या कानात बोंब मारली, 'काय रे, नाव काय तुझं?' ह्यानं धरलं आन् दिलं उकिरड्यात टाकून. पार कमरेपातुर!"

ती पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले, मग उगलेबाईंची आठवण येऊन हसू आवरलं. त्यांनी शेऱ्यात 'उंची कमी, स्वभाव तापट' असं लिहिलं होतं. उकिरड्याबद्दल अक्षर नव्हतं.

हौसाबाईचं हसू मात्र लगेच विरलं. ती ढगूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "ताई, मोरणीला वाघरानं नेली. तिच्या वंशाचं हे येकलं ऱ्हायलंय. पाड्यात दुसरा वळू न्हाई. ह्याला ठेचला, तर आमच्या गाया कुटं न्यायच्या? खाली संकरितवाल्यांकडं? मग पावसात हुभी ऱ्हायील का ती वासरं?" तिने आपला तळवा माझ्यापुढे धरला. तो तेलाचा हात फिरवल्यासारखा चकाकत होता. ह्या जनावरांच्या कातडीलाच तेल असतं. अंगावर पाणी थांबत नाही ते त्यामुळेच.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "मी राखीव लिहिलंय."

"लिवलंय ना? मग झालं." तिने डोळे मिटून हात जोडले, मला. मला फार संकोच वाटला.

सोमवार उजाडला तो त्रिपुरी पौर्णिमेचा. सोमवारी माझं मौन असतं. पहाटे अंघोळ झाल्यापासून संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत एक शब्द नाही. लग्न झाल्या वर्षी घेतलेलं व्रत, कधी मोडलं नव्हतं. त्यातून त्रिपुरी, म्हणजे महादेवाचाच दिवस. मी उपास धरला होता. संध्याकाळी जाळायची त्रिपुरवात पिशवीत तुपात भिजवून घेतली होती.

खिंडीत टॅब आभाळाला दाखवून झाले. डॉक्टरांनी खोंडांची नावं वाचायला सुरुवात केली. "राखीव, सोन्या. राखीव, मैना गाईचा काळ्या. खच्ची, पवळ्या. खच्ची, ढगू..."

मारुतीला आणलेलं जास्वंदीचं फूल माझ्या हातातून गळून पडलं.

मी डॉक्टरांपुढे गेले. डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली. मग दोन्ही हात हलवून नाही, नाही असं केलं. मग आभाळातला ढग दाखवावा म्हणून वर बघितलं. त्या दिवशी आभाळात एक ढग असेल तर शपथ.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या मौनाचं भाषांतर करायचं काम उगलेबाईंनी आपण होऊन घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "आज त्रिपुरी ना? नंदी म्हणतायत. वरती कैलास. नंदीला नमस्कार करून येते म्हणतायत. करा, नलूताई, करा. अकरा प्रदक्षिणाही घालून घ्या. आम्ही जीपने पुढे होतो, तुम्ही पायवाटेने उतरा. जरा माझा टॅब धरा हो, चपलेत खडा गेलाय."

त्यांचा टॅब माझ्या हातात आला. पडद्यावर पंचांग उघडं होतं. हे पंचांग मीच त्यांना घालून दिलं होतं, एकादशी कधी आहे हे विचारायला सारखा फोन करायच्या म्हणून. मी सहज बघितलं.

आज मंगळवार. कार्तिक अमावास्या.

काल रात्री मी अंगणात चंद्र बघितला होता, काठोकाठ भरत आलेला. आज पौर्णिमा होती. सोमवार होता. पौर्णिमेला अमावास्या दाखवणारं पंचांग मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी उगलेबाईंचा दंड धरला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ते होय? तारीख मीच पुढे ठेवलीय, पंधरा दिवस," त्या चप्पल झटकत म्हणाल्या. "घरचं घड्याळ नाही का आपण पंधरा मिनिटं पुढे ठेवत? म्हणजे पोरांचे डबे वेळेवर होतात. तसंच हे. लसीची आठवण टॅब पंधरा दिवस आधी देतो. माझ्या खोऱ्यात एक लस चुकलेली दाखवा मला! पंचांग मी पंधरा दिवस मागचं बघते, सवय झालीय. आणा इकडे. चला डॉक्टर!"

त्यांनी टॅब घेतला, जीपमध्ये बसल्या, दार आपटलं. धूळ उडाली. जीप वळणाआड गेली.

आणि मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. जिची वेळ नंतरची, ती नोंद राहील. भाऊबीजेला उगलेबाईंनी नोंद केली, तेव्हा त्यांचा टॅब पंधरा दिवस पुढच्या जगात होता. भाऊबीज होऊन आज तेराच दिवस झाले होते, म्हणजे त्यांची नोंद अजून व्हायची होती! तिच्या नंतरची तारीख येईपर्यंत मी कितीही जोर लावून बटण दाबलं, तरी टॅबच्या दृष्टीने मी आधीच बोलून बसलेली होते. शेवटचा शब्द उगलेबाईंचाच. ह्यात त्या बिचारीला काही माहीतही नव्हतं.

मी पारावर बसले. करायचं काय ते कळत होतं. माझ्याही टॅबची तारीख पुढे न्यायची, त्यांच्यापेक्षा एक दिवस जास्त. पण हे खोटं नाही का? उपास, मौन, पौर्णिमा, आणि मी मारुतीच्या पाठीमागे बसून खोटी तारीख लावणार? मग आठवलं, माझ्याही स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. गेली कित्येक वर्षं मी त्याच घड्याळावर देवपूजा करते आहे. देवाने कधी तक्रार केलेली नाही.

मी तारीख सोळा दिवस पुढे नेली. टॅबमध्ये बुधवार आला. ढगूची नोंद उघडली. राखीव. जतन. टॅब डोक्यावर धरला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा जुळलं होतं. ढगू राखीवच होता!

मी मारुतीला दंडवत घातला, पिशवी उचलली, दोन पावलं चालले आणि जागच्या जागी उभी राहिले.

डॉक्टरांचा टॅब खाली खोऱ्यात गेला होता. खोऱ्यात रेंज नव्हती.

त्या पायवाटेने मी कशी उतरले ते मला विचारू नका. उपाशी पोट, नऊवारी नसली तरी साडीच, आणि पाऊलवाट म्हणजे नुसती घसरण. वाटेत गुराखी भेटला. "बाय, वाघरू लागलंय का मागं?" त्याने विचारलं. मी हातानेच नाही म्हटलं. तो माझ्या मागे बघत राहिला.

पाड्यावरच्या मैदानात गर्दी होती. तीन खोंडांच्या कानात पिवळे बिल्ले चमकत होते. आणि मधोमध ढगू. पाय बांधून आडवा पाडलेला, चार जण त्याच्या अंगावर. हौसाबाई त्याच्या डोक्याशी बसून म्हणत होती, "येका बिल्ल्यासाठी कशाला पाडलाय त्याला? डुलासारखा कानात तर घालायचाय!" तिला अजून काही कळलेलं नव्हतं. डॉक्टर चिमटा घेऊन वाकले होते.

मी हात हलवले. कोणी बघितलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. उगलेबाईंनी वळून बघितलं आणि म्हणाल्या, "झाल्या वाटतं प्रदक्षिणा. आरती चालू आहे त्यांची."

"थांबा!"

हा आवाज कोणाचा, म्हणून मीच आजूबाजूला बघितलं. डॉक्टरांच्या हातातला चिमटा खाली पडला. ढगूच्या अंगावरचे चौघे उठून उभे राहिले. समोरच्या कड्यावरून माझंच 'थांबा' परत आलं आणि सगळ्यांनी ते पुन्हा ऐकलं.

उगलेबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "नलूताई! अहो, आज सोमवार ना?"

"माझ्या टॅबमध्ये बुधवार आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग सूर्याकडे. उन्हामुळे काही झालं असावं असं त्यांना वाटलं बहुतेक. "ताई, सावलीत बसा. पाणी द्या रे कोणीतरी."

"उपास आहे. नंतर बसेन. आधी त्याला सोडा. तो राखीव आहे."

"माझ्या टॅबमध्ये खच्ची आहे. आणि तोंडी मी ऐकत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"आज ऐका," मी म्हटलं. "मी एरवी तोंडी सांगते कुठे?"

मग मी सगळं सांगितलं. पंधरा दिवस, सोळा दिवस, अमावास्या, घरचं घड्याळ. इतकं सलग मी कधी बोलले नव्हते. मध्येच उगलेबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे मी पुढच्या पंधरवड्यातून शेरे मारत होते?"

डॉक्टर दोन्ही टॅब हातात घेऊन उभे. एकात खच्ची, एकात राखीव. "मग ह्यातलं खरं कोणतं धरायचं?"

"टॅब ठेवा खाली. हात लावून बघा त्याला."

डॉक्टरांनी ढगूच्या पाठीवरून हात फिरवला आणि तळवा उन्हात धरला. चकाकत होता. मग खूर पाहिले. काळेभोर, गारगोटीसारखे टणक. त्यांनी पुन्हा एकदा पाठीवरून हात फिरवला. गरज नसताना.

"इथे शेरा आहे, उंची कमी," ते म्हणाले. "आहे तर चांगला उंच. उगलेबाई, मोजला कुठून होता?"

सगळा पाडा उगलेबाईंकडे बघू लागला. हौसाबाईने पदर तोंडाला लावला.

"उकिरड्यातून," उगलेबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते थांबेचना. "खोटं कशाला बोलू! उकिरड्यात पडून तर उंच दिसायला हवा होता मेला. पण राग आला होता हो मला. नवं लुगडं होतं, भाऊबीजेचं!"

ढगूच्या कानात पिवळा बिल्ला लागला. तो उठला, अंग झाडलं आणि उगलेबाईंकडे बघून मान खाली घातली. उगलेबाई डॉक्टरांच्या मागे गेल्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजल्या, "काही नाही रे बाबा, काही नाही."

हौसाबाईला एव्हाना कोणीतरी सगळं समजावून सांगितलं होतं. तिचा चेहरा उतरला होता. ती माझ्याजवळ आली.

"ताई, तुमी तर लिवलं व्हतं ना?"

"लिहिलं होतं," मी म्हटलं. "सांगितलं नव्हतं."

परतताना जीपमध्ये मी पुन्हा गप्प झाले. उरलेल्या सोमवारचं तरी मौन राखावं असं मनात होतं. उगलेबाई शेजारी बसून टॅबची तारीख मागे आणत होत्या. बराच वेळ त्याही गप्प होत्या, आणि हे इतकं नवल होतं की डॉक्टरांनी दोनदा आरशातून मागे बघितलं.

"एक विचारू?" अखेर त्या म्हणाल्या. "उत्तर देऊ नका, मौन आहे तुमचं. सोमवारचं मौन देवासाठी, ते मला कळतं. पण बाकीचे सहा दिवस तुम्ही कोणासाठी गप्प असता हो?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मौन होतं म्हणून बरं झालं.

त्या संध्याकाळी महादेवापुढे त्रिपुरवात लावली. ती एरवी फडफडते, धूर करते. त्या दिवशी सरळ जळली, शेवटपर्यंत. मी देवाला म्हटलं, प्रायश्चित्त काय ते सांग. तो काही बोलला नाही. त्याचं तर रोजचंच मौन.

आता त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ढगूच्या नातवंडांना पिवळे बिल्ले लागून गेले. आमच्या टॅबच्या तारखा आता कोणाला हाताने बदलता येत नाहीत. उगलेबाई निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला असतात. त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून पंधरा मिनिटं पुढे आहे असं त्यांची सून सांगते.

सोमवारचं मौन मी अजून पाळते. उगलेबाईंना ते चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर त्या नेमका सोमवारीच फोन करतात. मी फोन कानाला लावते, काही बोलत नाही. तिकडून तोच आवाज येतो, फोन हातभर लांब धरावा लागतो असा.

"नलूताई, आज कोणता वार आहे हो तुमच्याकडे?"

बहुतेक वेळा मी नुसती हसते आणि त्या एकट्याच बोलतात. पण कधीकधी सांगण्यासारखं काही असतं. तेव्हा मी देवघराचं दार हळूच लोटून घेते आणि म्हणते,

"बुधवार."